भिरूड शोधायला झाडीपट्टीत

शुक्रवार : नागपूर, उमरेड, गिरड

आषाढ सरत आला की पूर्व विदर्भात दोन गोष्टी एकदम सुरू होतात : बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धानाचा रोवणा (लावणी) आणि रात्रीच्या दिव्यावर भुंग्यांची गर्दी. रोवण्यासाठी नोकरीवाली माणसं सुट्ट्या टाकून गावी जातात. भुंग्यांसाठी सुट्टी टाकणारे फार नसतात, मी त्यांतली एक. या खेपेला डोक्यात एकच नाव होतं, बॅटोसेरा. आंबा, उंबर, फणस, सावर अशा झाडांच्या खोडात वाढणारे हे मोठे लांबशिंगी भुंगे. या वंशात पन्नासेक जाती आहेत आणि भारतापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत त्यांचा पसारा आहे. आपल्याकडे जास्त आढळते ती बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. तिची अळी म्हणजेच आंबेवाल्यांची झोप उडवणारा भिरूड.

सोबत भाचा. अकोल्याला कृषीचं शिकतो, गाडी चांगली चालवतो आणि त्याला कॉलेजात कीटकसंग्रहाची पेटी जमा करायची आहे. टाचणीवर टोचलेला कीटक, खाली चिठ्ठी, त्याला मार्क. माझा कॅमेरा आणि त्याची कीटक मारायची बाटली एकाच डिकीत, त्यामुळे उमरेड येईपर्यंतच मी ठरवून टाकलं की जिवंत भुंगा मारायचा नाही. "मग मी कशाला आलो, मावशी?" हे त्याने उमरेडला समोसा खाताना विचारलं आणि पुढे रोज एकदा तरी विचारत राहिला.

गिरडला टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. तिथले गोल, सुपारीच्या आकाराचे दगड म्हणजे बाबांनी व्यापाऱ्याच्या मालाचे केलेले दगड, अशी आख्यायिका. भाच्याने दोन उचलून पाहिले आणि परत ठेवले. आमचं काम टेकडीखाली होतं, सोयाबीनच्या वावरात.

बॅटोसेराच्या शोधात सोयाबीन कशाला, असं कोणी विचारील. पण लांबशिंगी भुंग्यांचं कुळ फार मोठं आहे, जगभरात तीस हजारांहून जास्त जाती, आणि त्यातला विदर्भात घरोघरी माहीत असलेला सदस्य आंब्यावरचा नाही, सोयाबीनवरचा आहे : चक्रीभुंगा. बॅटोसेराचा हा चुलत भाऊच, उपकुळही एकच. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, डोकं आणि छाती नारिंगी, पंखांची टोकं काळपट, मिशा जवळपास अंगाएवढ्या. ओळखीच्या शेतकऱ्याने आम्हाला धुऱ्यावरून आत नेलं आणि एक मान टाकलेलं पान दाखवलं. बाकी झाड हिरवंगार, महिनाभराचं, आणि मध्येच हे एक पान वाळून लोंबतंय.

"हिरव्या झाडाले गळफास लावते साला," ते म्हणाले.

भिंगातून पाहिलं तर खरोखर तसंच. देठावर थोड्या अंतराने दोन बारीक गोल काप, सुरीने फिरवून घ्यावेत इतके नेटके. मादी हे काप जबड्यांनी घेते. मग खालच्या कापाच्या जरा वर तीन बारीक भोकं पाडते आणि त्यांतल्या एकात पिवळसर, लांबट अंडं घालते. दोन कापांमुळे देठातला रस तुटतो, वरचं पान सुकायला लागतं आणि अंड्यातून निघालेली अळी पोखरत खाली खोडाकडे निघते. पुढे पूर्ण वाढल्यावर हीच अळी झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर आतून कापते. शेंगा धरलेलं झाड मग वाऱ्याने मोडतं आणि शेतकरी वाऱ्याला शिव्या देतो.

भाचा इथे फॉर्मात आला. कोणतं औषध, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, सगळं तोंडपाठ. शेतकऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पह्यल्या पंधरवड्यात सुकलेली पानं देठासकट तोडून बांधीबाहेर पुरली का निम्मं काम होते. पन मजूर कुठी भेटते, बाबू?" अळी अजून देठातच असते तोवर हा उपाय खरोखर चालतो, आणि पेरा दाट असला की चक्रीभुंगा जास्त लागतो हेही त्यांनीच सांगितलं. मी त्या वाळक्या देठाचे फोटो काढले. भाच्याला भुंगा हवा होता, तो पान झटकताच उडाला.

रात्री दिव्यावर भुंगे यावेत म्हणून पांढरा पडदा लावला. वाऱ्याने उडवला. झोपलो.

शनिवार : चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी तालुका

गिरडहून चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ ची क्रांती म्हटली की विदर्भात पहिलं हेच नाव येतं. बसस्टँडजवळ चहा घेतला, तर्री-पोहे खाल्ले. चिमूर सोडलं की हळूहळू कपाशी मागे पडते, काळी माती फिकी होते, आणि नागभीडच्या अलीकडे धानाच्या बांध्या लागतात. गुडघाभर पाण्यात ओणवलेल्या बायका, डोक्यावर मेणकापडाच्या खोळी, बांधावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या. इथून पुढे झाडीपट्टी, पूर्व विदर्भातला जंगलाचा आणि धानाचा मुलूख.

माझ्या मामेभावाचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. गावाबाहेर मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला, तलावाच्या पाळीखाली जुनी आमराई. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव आणि आमराया राहिल्या. या आमराईतली काही झाडं वाटणीत मामेभावाकडे आली. रायवळ आंबे, लोणच्याचे आणि रसाचे, एकालाही कलमी म्हणता येणार नाही. मोठ्या झाडांची एक-एक फांदी वाळत चालली होती.

"हे पाय, बाई," तो म्हणाला. "यायले मी दरसाली पावसाळ्यात मातीतेल पाजतो. आता मातीतेल भेटत नाही तं डिझेल. वरून चिखल लिंपतो. तरी फांदी मरतेच."

खोडावर अंगठा जाईल एवढी भोकं होती. कडा स्वच्छ, जवळपास गोल. काहींवर मागच्या वर्षीचा वाळका चिखल होता. भाच्याने सायकलचा तार आकडा करून आत घातला, फिरवला, ओढला. कोरडा. दुसऱ्या भोकातून मुंग्यांची रांग बाहेर आली. तिसऱ्यात कोळ्याचं जाळं. अळी एकातही नव्हती, आणि नसणारच होती.

या भुंग्याचं वर्षाचं वेळापत्रक पाहिलं की कारण कळतं. पाऊस लागला की भुंगे झाडातून बाहेर येतात. काही दिवस कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातात, जोडी जमते, आणि मादी खोडावर किंवा जाड फांदीवर सालीत जबड्याने चीर पाडून एका चिरेत एक अंडं घालते. अंडं तांदळाच्या दाण्याएवढं. एक मादी दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. अळी निघाली की आधी सालीखाली, मग लाकडात शिरते आणि हिवाळाभर, काही वेळा त्याहून जास्त काळ, पोखरत राहते. उन्हाळ्यात आतच कोष. कोषातून निघालेला भुंगा पावसाची वाट पाहत आतच थांबतो, आणि मृगाच्या पुढे-मागे एक गोल भोक पाडून निघून जातो. म्हणजे मामेभाऊ दरवर्षी ज्या भोकात तेल ओततो, ते चोर पळून गेल्यावरचं दार आहे. अळी आत असते तेव्हा खोडावर एवढं गोल भोक दिसतच नाही. दिसतो तो भुसा : ओला, तंतूंसारखा, लालसर, एखाद्या फटीतून बाहेर ढकललेला आणि बुंध्याशी पडलेला. सोबत डिंकासारखा रस ओघळलेला. हे दिसतं दिवाळी ते होळीच्या दरम्यान, आणि तेव्हा आमराईकडे कोणी फिरकत नाही, कारण धान कापायचा, चुरायचा, विकायचा असतो.

भावजयीने ऐकलं आणि म्हणाली, "हिवाळ्यात या आंब्याखाली खाट टाकली ना बाई, तं आतून कुरूकुरू ऐकू येते. सासूबाई म्हनत, झाडात कोनी बसलं आहे."

बसलं होतंच की.

मला यात सगळ्यांत नवल वाटतं ते हे की अळी आणि भुंगा हे एकच जनावर आहे, असं गावात कोणालाच वाटत नाही. भुसा पाडणारा किडा वेगळा आणि पावसाळ्यात दिव्यावर आपटणारा मोठा भुंगा वेगळा. दुसऱ्याला पोरं दोऱ्याने बांधून उडवतात, पहिल्यावर डिझेल. सोयाबीनवाल्यांना मात्र चक्रीभुंगा आणि त्याची अळी दोन्ही ठाऊक, कारण पीक चार महिन्यांचं आहे, सगळा खेळ डोळ्यांसमोर होतो. आंब्याच्या आत काय चाललंय ते वर्षभर सालीआड.

रात्री सांदवाडीत, घरामागच्या परसात, पडदा लावला. दोन बांबू, मध्ये पांढरं धोतर, त्यामागे अल्ट्राव्हायोलेट ट्यूब. गावातले दिवे हल्ली एलईडीचे झाले आहेत. त्यांच्यात अतिनील प्रकाश फारसा नसतो, म्हणून पूर्वी खांबाखाली पहाटे किड्यांचा सडा पडायचा तसा आता पडत नाही. ट्यूबवर मात्र तासाभरात धोतर भरलं. खोडकिड्याचे फिकट पतंग (धानवाल्याला ते पाहून आनंद होत नाही), गेंडा भुंगा, शेणकिडे, एक पाणढेकूण तळहाताएवढा. भाचा चिठ्ठ्या लिहीत होता. शेजारची पोरं जमली, शेजारचे आजोबा खाट घेऊन आले.

दहाच्या पुढे धोतरावर टप्पकन काहीतरी आपटलं आणि खाली पडलं.

मी वाकून पाहिलं आणि आधी पाय दिसले, एवढे लांब. मग मिशा. बॅटोसेरा, मादी. मादी, कारण मिशा अंगापेक्षा थोड्याच लांब होत्या, नराच्या खूपच लांब असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूला बारीक काटे असतात. शरीर जवळजवळ पाच सेंटिमीटर. सगळ्या अंगावर राखी रंगाची बारीक लव, इतकी दाट की बोट लावलं तर पुसली जाते. छातीच्या वर दोन नारिंगी, कोयरीच्या वळणाचे ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा. पंखांच्या सुरुवातीला खांद्याशी काळे चकचकीत दाणे आणि पुढे पिवळट-नारिंगी ठिपक्यांची ओळ. मेल्यावर हे ठिपके फिके पडतात, म्हणून संग्रहातल्या पेटीत पाहिलेला बॅटोसेरा आणि हातावरचा बॅटोसेरा यांत फार फरक दिसतो. डोळा मिशीच्या बुडाला वळसा घालून जातो, मिशी जणू डोळ्यातूनच उगवलेली. कुशीवर, डोळ्यामागून शेवटपर्यंत, पांढरा पट्टा. उचलली तेव्हा ती ओरडली. खरोखर ओरडली, चर्रर चर्रर. छातीच्या वरच्या कवचाची मागची कड तिच्या खालच्या खरखरीत पट्टीवर घासून हे भुंगे आवाज काढतात, डोकं वरखाली होताना दिसतं. पोरं दोन पावलं मागे सरली. आजोबा म्हणाले, "चावते का?" चावते. जबडा कोवळी फांदी सोलतो, बोट त्यापुढे काय.

फोटो झाले. मी तिला आंब्याच्या हिरव्या डहाळीवर ठेवली. पाचेक मिनिटांत तिने साल कुरतडायला सुरुवात केली, पट्ट्या काढत, बारकाईने. मी खूश. तेवढ्यात मागून मामेभाऊ.

"बाई, चोर पकडला आनि माह्याच घरात सोडला?"

त्यावर काय बोलणार? दोनशे अंडी मीच तासाभरापूर्वी त्याला सांगितली होती. जंगलातल्या उंबरावर ही मादी मी कोणाला हात लावू दिली नसती. पण ही आमराई जंगल नाही, आणि झाडं माझी नाहीत. जंगलात हेच भुंगे मरत आलेल्या झाडाचं लाकूड फोडून मातीला मिळवायचं काम करतात, त्यांच्यामागे सुतारपक्षी येतो, पोकळीत पोपट येतात. मामेभावाच्या बारा-पंधरा आंब्यांना हा न्याय लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं दान केल्यासारखं. भाच्याची बाटली त्या रात्री उघडली. "मावशी, तुमचा नियम?" असं त्याने एकदा विचारलं, पण बाटली आधीच हातात होती.

रविवार : आरमोरी, गडचिरोली, धानोरा

पाच वाजताच निघालो. वैनगंगा दुथडी भरलेली, पुलावरून आरमोरी. गाडीत भाच्याला मी या वंशाच्या गोष्टी सांगत होते, त्याला परीक्षेत उपयोग नसलेल्या.

बॅटोसेरा रुबस ही जाती लिनियसने १७५८ सालीच नोंदवलेली, म्हणजे प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायला जिथून सुरुवात झाली त्याच वर्षी. आपल्या आंब्यावरच्या जातीला स्वीडनच्या चार्ल्स दे गीरने १७७५ मध्ये नाव दिलं. न्यू गिनीकडची बॅटोसेरा वॉलेसी ही आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या नावाने, १८५८ सालची. तिच्या नराच्या मिशा अंगाच्या दुपटीहून लांब. इंडोनेशियात बॅटोसेरा हर्क्युलिस, नावाला शोभेल अशी दांडगी. चीन-जपानकडची बॅटोसेरा लिनिओलाटा अक्रोड आणि पॉपलरला लागते. आणि आपली रुफोमॅक्युलाटा लाकडातून, कलमांतून कुठे कुठे पोचली आहे : इस्रायलमध्ये अंजिराच्या बागा तिने हैराण केल्या, कॅरिबियन बेटांवर आंब्याला लागली. "म्हणजे एक्स्पोर्ट क्वालिटी," भाचा म्हणाला.

गडचिरोली सोडून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं. साग, मोह, येन, बांबू. याच रस्त्यावर मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्याने विकणारंही. पाटी दिसली तशी गाडी हळू केली, पण रोवण्याच्या दिवसांत कोणाच्या गावात पाहुणा म्हणून उतरून त्याचा वेळ खाणं बरं नव्हे. पुढे ओळखीच्या शिक्षकाकडे उतरायचं ठरलं होतं.

राखीव जंगलात, अभयारण्यात कीटक धरायला परवानगी लागते, त्यामुळे आम्ही शाळेच्या मागच्या नाल्याकाठीच फिरलो, तिथे उंबरांची रांग आहे. बॅटोसेरा दिवसा शोधायचा तर भुंगा शोधत बसू नये, कोवळ्या फांद्यांवर सोललेली साल शोधावी. ताजी सोललेली जागा ओलसर, पिवळी दिसते. दोन उंबरांवर ती सापडली, भुंगा मात्र नाही. रुबस दिसेल अशी आशा होती, तिच्या पंखांवरचे ठिपके पांढरे असतात. ती दिसली नाही. उंबराच्या पानाखाली मात्र एक दुसरंच देखणं लांबशिंगी बसलेलं होतं, ऑलेनेकॅम्प्टस बायलोबस. दीडेक सेंटिमीटरचं तपकिरी अंग, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि मिशा इतक्या लांब की पान संपलं तरी त्या संपेनात. बारीक कमरेचं, नखरेल. बॅटोसेराचा पैलवानी थाट पाहिल्यावर हे पाहणं म्हणजे चंगळ. उंबर-वडासारख्या झाडांवरचंच हे, पण कोणाच्या पिकाला फारसा त्रास नाही, म्हणून कोणाला नावही माहीत नाही.

दुपारी जेवायला वास्त्यांची भाजी. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, चिरून, उकळून, पाणी टाकून. भाच्याने दोनदा घेतली. ज्या सपरीत बसलो होतो तिच्या वाशांमधून पिवळट पीठ गळत होतं, ताटाच्या कडेला पडत होतं. शिक्षकांनी ताट सरकवलं, सवयीनेच. मी वर पाहिलं. बांबूत गोल बारीक भोकं. हाही लांबशिंगीच, बांबूवरचा क्लोरोफोरस ॲन्युलॅरिस : पिवळ्या अंगावर काळ्या पट्ट्या, मिशा मात्र बेताच्या. हिरव्या उभ्या बांबूला तो फारसा शिवत नाही, तोडलेला, वाळायला ठेवलेला बांबू त्याचा. अळी बांबूच्या भिंतीतच, आतली-बाहेरची कातडी शाबूत ठेवून, सगळं पीठ करते. टोपल्या, फर्निचर, शोभेच्या वस्तू यांतून तो जगभर फिरला आहे.

शिक्षकांचे वडील बाहेर तट्टा विणत बसले होते. ते म्हणाले, बांबू अंधाऱ्या पाखात, म्हणजे कृष्णपक्षात, तोडायचा आणि नाल्यात बुडवून ठेवायचा, मग किडा लागत नाही. "हा वासा?" मी विचारलं. "हा घाईत तोडला, पोराच्या लग्नाले मांडव पायजे होता." बुडवून ठेवण्यामागचं कारण सरळ आहे, बांबूतली साखर आणि पिष्ट पाण्यात निघून जातं आणि किड्याला खायला उरत नाही. अंधाऱ्या पाखाचं मी काही बोलले नाही.

साल वृक्षाचा विषय त्यांनीच काढला. गडचिरोलीच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या बाजूला साल लागतो, आणि सालाचा शत्रू असाच एक मोठा लांबशिंगी, हॉप्लोसेराम्बिक्स स्पिनिकॉर्निस. १९९७-९८ च्या सुमाराला मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे त्याने सालाची लाखो झाडं वाळवली. उपाय मोठा गमतीचा होता. सालाचं झाड पाडून त्याच्या ओंडक्यांची सालपटं ठेचायची, रस सुटतो, त्या रसाच्या वासाने भुंगे दुरून येतात, पितात आणि सुस्त होतात. मग गावकऱ्यांनी ते हाताने गोळा करायचे आणि मोजून द्यायचे, भुंग्यामागे पैसे. भाच्याने लगेच विचारलं की दर काय होता. मला वाटतं हा मुलगा पुढेमागे खातं बदलून वाणिज्य शाखेत जाणार.

सोमवार : पाऊस

रात्रीपासून लागला तो थांबेना. नाल्यावरून पाणी, रस्ता बंद. मी नोंदी लिहिल्या, भाचा मोबाईलला रेंज शोधत अंगणभर फिरला. संध्याकाळी सात्यांची भाजी, म्हणजे वारुळाजवळ उगवणारे भूछत्र. एवढंच.

मंगळवार : परत ब्रह्मपुरी तालुका

पाणी उतरलं, दहाला निघालो. परतताना मामेभावाकडे जेवायला थांबायचं होतं, थांबलो ते संध्याकाळपर्यंत.

कारण चुलीचं सरपण. होळीनंतर वाळलेली म्हणून तोडलेली आंब्याची एक मोठी फांदी ओट्याखाली ठेवली होती, भावजयीला ती फोडून हवी होती. मामेभावाने कुऱ्हाड घातली, पहिल्या घावात लाकूड उभं चिरलं आणि आतून बोगदा उघडा पडला. दोन बोटं जातील एवढा रुंद, आतून गुळगुळीत, मध्ये-मध्ये तंतूंचा भुसा ठासून भरलेला. भाचा ओरडला. बोगद्याच्या टोकाशी जाड भुशाचं बूच आणि त्यापलीकडे एक खोली, त्यात नर बॅटोसेरा. मेलेला, वाळलेला, मिशा मागे अंगाभोवती वळवून पद्धतशीर ठेवलेल्या. पाऊस लागायची वाट पाहत तो तिथे थांबला असणार, पण फांदी तोडून ओट्याखाली गेली, लाकूड वाळून कडक झालं आणि बाहेर पडायचं भोक काही त्याला पाडता आलं नाही. कुऱ्हाडीने एक मिशी तुटली होती.

दुसरा ओंडका मामेभावाने मुद्दाम जपून फोडला. त्यात अळी, जिवंत. मागे पडलेली, अजून कोषात न गेलेली. वाळल्या लाकडात काही अळ्यांना जास्त वेळ लागतो, ही त्यांतली. पांढरट, बोटाएवढी जाड, आठेक सेंटिमीटर. पाय नाहीत. डोक्याजवळचा भाग रुंद आणि चपटा, डोकं त्यात अर्धं ओढून घेतलेलं, बाहेर फक्त काळे जबडे. प्रत्येक वळीवर वर आणि खाली खरखरीत उंचवटे, त्यांचा टेकू देऊन ती बोगद्यात पुढे-मागे सरकते. मामेभावाने तिला हातावर घेतली. मग भाच्याच्या हातातला वाळका नर घेतला. दोन्ही हात जवळ आणून पाहिले.

"हे याचं पोर?"

"हो. आधी हे, मग ते."

"आनि मी भोकात डिझेल घालतो तवा हे बाहेर गेलेलं."

"हो."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तरी बी पाच-सहा वर्सं झाली."

अळी कोंबडीने नेली. नागालँडात अशाच अळ्या बाजारात विकायला असतात, भाजून खातात, हे मी सांगितलं तर भावजयीने पदर तोंडाला लावला. वास्ते खाणारी आपण माणसं, असं म्हणणार होते, राहू दिलं.

मग बसून ठरवलं. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बुंध्याशी ताजा भुसा पडला का ते बघायचं. दिसला की वर ती फट शोधायची, सुरीने मोकळी करायची, आकड्याचा तार आत घालून अळी ओढून काढायची. तार पोचला नाही तर औषधाचा बोळा आणि वरून चिखल. इथे भाचा कामाला आला. मामेभावाकडच्या जुन्या माहितीपत्रकात डायक्लोरव्हॉस लिहिलेलं होतं, ते २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, हे त्याने लगेच सांगितलं आणि पत्रकावर पेनाने काट मारली. आता काय वापरायचं ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून कळवतो म्हणाला. पोखरलेल्या, मेलेल्या फांद्या उन्हाळा लागायच्या आत तोडून जाळायच्या, ओट्याखाली पावसाळ्यापर्यंत रचायच्या नाहीत. नांगराने, बैलगाडीने बुंध्याची साल खरचटते तिथेच मादीला चीर पाडायला सोपं जातं, म्हणून झाडाभोवती नांगर आवरता घ्यायचा. हे शेवटचं मामेभावाला पटलं नाही. बांधी लहान आहे, म्हणाला, ट्रॅक्टर वळवायला जागा लागते.

भाच्याच्या पेटीत आता जोडी झाली, अखंड मादी आणि एका मिशीचा नर. वाटेत नागभीडला त्याने मला विचारलं की तुटलेली मिशी फेविकॉलने चिकटवली तर सरांना कळेल का. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिही, कुऱ्हाडीने तुटली, सरपणातून, तारीख आणि गाव. असा नमुना दुकानातून आणलेला वाटणार नाही.

निघताना भावजयीने लोणच्याची बरणी गाडीत ठेवली. मामेभाऊ काचेशी वाकला.

"भाऊबीजेले येजो, बाई. तार मी करून ठेवतो. भुसा तूच दाखवजो, मले आमराईत जायले त्या दिवसांत फुरसत नसते."

"आणि ओवाळणी?"

"निघतीन तेवढ्या अळ्या," तो म्हणाला. भाच्याने गिअर टाकला.